फसफसत्या पाण्याचा जनक

गोटी सोड्याच्या बाटलीतली गोटी तोंडाशी टिकते ती आतल्या वायूच्या दाबामुळे. दाब कमी पडला की गोटी खाली येते आणि सोडा मिळमिळीत लागतो. हा वायू पाण्यात विरघळवण्याची रीत जगापुढे मांडणारे जोसेफ प्रिस्टले डॉक्टर नव्हते, कारखानदारही नव्हते. ते होते धर्मोपदेशक.

१३ मार्च १७३३ रोजी इंग्लंडमधील लीड्सजवळ त्यांचा जन्म झाला. बोलताना अडखळत असूनही त्यांनी प्रवचनाचा पेशा पत्करला. १७६७ मध्ये ते लीड्सला आले. तिथे त्यांच्या घराशेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या बिअरवर जड वायूचा थर साचतो आणि त्यात मेणबत्ती विझते, हे त्यांनी पाहिले. हाच कार्बन डायऑक्साइड. त्या थरात पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले, तर त्याला खनिज झऱ्याच्या पाण्यासारखी चुणचुणीत चव येई.

पण उघड्या भांड्यातले पाणी साधारण स्वतःच्या आकारमानाइतकाच वायू धरते. म्हणून पुढे त्यांनी खडू आणि गंधकाम्लापासून वायू तयार केला आणि तो बंद भांड्यात पाण्याबरोबर हलवून मुरवला. १७७२ मध्ये ही कृती पुस्तिकेत छापली. दाब जास्त आणि पाणी गार, तर वायू अधिक मुरतो. यातला दाबाचा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला.

घरी बनवलेली बिअर बाटलीत बसकी निघाली, तरी कारण याच दिशेने शोधावे लागते. झाकण सैल असेल तर वायू निसटतो. बाटली सुरुवातीपासूनच गार जागी ठेवली तर यीस्ट सुस्तावते आणि वायू तयारच होत नाही. म्हणून आधी ऊब लागते, मग गारवा. फेस वाढावा म्हणून अंदाजाने साखर घालणे मात्र धोक्याचे. दाबाने काच फुटून डोळा जाऊ शकतो.

प्रिस्टले यांना या पाण्याकडून मोठी आशा होती. शरीरातला हा वायू कमी झाल्याने स्कर्व्ही होतो, असे तेव्हा काही वैद्य मानत. त्यामुळे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीसाठी हे तंत्र सुचवले गेले. स्कर्व्हीवर त्याचा काहीच उपयोग नव्हता, कारण हा आजार ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच १२ खलाशांना वेगवेगळे उपचार देऊन संत्र्या-लिंबांचा गुण दाखवला होता. तरी ब्रिटिश नौदलात लिंबूरस सर्रास मिळू लागला तो १७९५ पासून. मधल्या काळात किती खलाशी दगावले असतील! उपचाराची कल्पना कितीही पटणारी असो, रोग्यांवर तुलना करून पाहिल्याशिवाय ती खरी मानू नये.

१७७४ मध्ये प्रिस्टले यांनी ऑक्सिजन वेगळा केला. पण त्याचा खरा अर्थ लावला लाव्हाझिए यांनी. प्रिस्टले शेवटपर्यंत जुन्या फ्लॉजिस्टन सिद्धांतालाच धरून राहिले. फ्रेंच राज्यक्रांतीला पाठिंबा दिल्याने १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या जमावाने त्यांचे घर आणि प्रयोगशाळा जाळली. १७९४ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि ६ फेब्रुवारी १८०४ रोजी पेनसिल्व्हेनियात वारले. त्यांच्या सोड्याने कोणताच रोग बरा केला नाही. त्यांचा ऑक्सिजन मात्र आज प्रत्येक वॉर्डात रोग्याच्या उशाशी असतो.