नव्या दमाचे संघ घडविणारे ब्रँच रिकी

अमेरिकेतील ओहायो राज्यात २० डिसेंबर १८८१ रोजी जन्मलेले ब्रँच रिकी बेसबॉलपटू म्हणून सामान्यच होते. १९०७ मध्ये ते कॅचर असताना प्रतिस्पर्ध्यांनी एकाच सामन्यात १३ बेस चोरले होते.

सेंट लुईस कार्डिनल्सची सूत्रे हाती आली, तेव्हा नामवंत खेळाडू विकत घेण्याइतका पैसा संघाकडे नव्हता. रिकी यांनी लहान शहरांतील संघ ताब्यात घेऊन तेथे कोवळ्या वयाचे खेळाडू घडविण्याची पद्धत रुजविली. १९३४ मध्ये ३० सामने जिंकणारे पिचर डिझी डीन त्याच मुशीतले. पगार देताना मात्र रिकी यांचा हात आखडता असे.

पुढे ब्रुकलिन डॉजर्सच्या व्हेरो बीच येथील शिबिरात ते दोऱ्या ताणून चौकट उभारत आणि नवोदित पिचरना त्यातूनच चेंडू टाकायला लावत. १९४७ मध्ये याच संघातून जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला मैदानात उतरवून त्यांनी वर्णभेदाची भिंत पाडली.

पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांची कसोटी पाहिली. १९५२ मध्ये हा संघ १५४ पैकी ११२ सामने हरला. तरीही ते तरुणांवरच विसंबले. ब्रुकलिनकडून त्यांनी मिळविलेले पिचर एल्रॉय फेस आणि रॉबर्टो क्लेमेंटे १९६० च्या विश्वविजेत्या संघात होते. रिकी यांनी मात्र १९५५ मध्येच महाव्यवस्थापकपद सोडले होते. ९ डिसेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.