हात धुवायला सांगणारा डॉक्टर

शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी डॉक्टर आणि परिचारिका बोटातली अंगठी, मनगटावरचे घड्याळ, हातातल्या बांगड्या उतरवून ठेवतात आणि मगच कोपरापर्यंत हात घासून धुतात. हातांच्या या शिस्तीचा आग्रह ज्यांनी सर्वप्रथम धरला त्यांपैकी एक असलेले डॉ. इग्नाझ सेमेलवाइस हयातभर उपेक्षेचेच धनी ठरले.

१ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. व्हिएन्नात वैद्यकाची पदवी घेऊन १८४६ मध्ये ते तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूती विभागात साहाय्यक डॉक्टर झाले. विभागाचे दोन कक्ष होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या कक्षात शंभरातील सुमारे ११ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात तिघींहूनही कमी. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या कक्षात धाडू नका, म्हणून त्या गयावया करीत.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे स्नेही डॉ. कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याचा चाकू बोटाला लागून मरण पावले. त्यांच्या देहात सूतिकाज्वराचीच लक्षणे आढळली आणि कोडे सुटले. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. सुईणी शवाला हात लावत नसत. मृत्यू हातांवरून येत होता. सेमेलवाइस स्वतःही नियमितपणे शवविच्छेदन करीत. त्यामुळे या मृत्यूंचा दोष त्यांना स्वतःच्या हातांकडेही घ्यावा लागला.

मे महिन्यात त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरामागे १८ वर गेलेले मृत्यू जूनमध्ये दोनाच्या आसपास आले. पुढच्या वर्षी दोन महिने एकही बाळंतीण दगावली नाही.

तरीही ज्येष्ठांना ते रुचले नाही. जंतूंचे शास्त्र अजून उभे राहायचे होते आणि आपल्याच हातून रुग्ण मेले, हे मान्य करणे जड होते. १८४९ मध्ये त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. पेस्टला परतून तेथील रुग्णालयातही त्यांनी हीच पद्धत यशस्वी केली. १८६१ मध्ये ग्रंथ लिहिला. तोही दुर्लक्षिला गेल्यावर त्यांची लेखणी कडवट झाली आणि पुढे मनही ढळले. १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. दोनच आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी जखम चिघळून रक्तदोषाने त्यांचा अंत झाला. त्याच महिन्यात ग्लासगोत जोसेफ लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लाचा उपचार सुरू केला होता.

अंगठीखालच्या त्वचेपर्यंत पाणी आणि साबण नीट पोचत नाहीत. तेथे जंतू टिकून राहतात, हे आता सर्वमान्य आहे. अंगठीला सौभाग्याचे, आठवणींचे मोल असते. ती काढताना मनाला चुटपुट लागते. सेमेलवाइस यांनी आपल्या सहकाऱ्यांकडे याहून अवघड गोष्ट मागितली होती: आपला हात निर्दोष नाही, एवढी कबुली.