डाव्या पायाचे मास्तर : सय्यद अब्दुल रहीम

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा माझ्या मनात शाळेच्या आठवणींवर लिहायचं होतं. पण संपादक मंडळातल्या मित्राने आधीच बजावलं, की आठवणींचे बावीस लेख आले आहेत आणि त्यातल्या अठरा लेखांत शाळेबाहेरच्या बोरकूटवाल्या मावशी आहेत. तेव्हा दुसरं काही बघ. म्हणून हे चरित्र. आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधी गेलेल्या एका शाळामास्तराचं.

2024 साली ‘मैदान’ चित्रपट आला, तेव्हा आपल्या बॅचच्या ग्रुपवर आठवडाभर चर्चा चालली होती. अजय देवगणने केलेली ती भूमिका म्हणजे सय्यद अब्दुल रहीम, भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक. चित्रपट म्हटला की मीठमसाला आलाच, त्याबद्दल तक्रार नाही. मला रुखरुख लागली ती वेगळ्याच गोष्टीची. रहीमसाहेब मुळात शाळेत शिकवत होते आणि त्यांचं सगळं कसब शाळेच्या मैदानावर तयार झालं, हा भाग पडद्यावर फार थोडा आला. आणि आपल्यासाठी तर तोच महत्त्वाचा आहे.

रहीम यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादचा. त्या काळी आपलं औरंगाबादही निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होतं, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावं लागतं. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली सुरू झालं आणि आपल्याकडचं इंटरमीजिएट कॉलेज, म्हणजे आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय, त्याच विद्यापीठाच्या छत्राखाली 1923 साली उभं राहिलं. उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देणाऱ्या त्याच विद्यापीठात रहीम शिकले आणि तिथल्या संघातून फुटबॉल खेळले. आपल्या आजोबांच्या पिढीतली जी मुलं इथून हैदराबादला शिकायला गेली, त्यांच्यातल्या कुणी ना कुणी त्यांना खेळताना पाहिलं असेल. मला तसा विचार करायला आवडतं, इतकंच.

पदवीनंतर ते शिक्षक झाले. काचीगुडा, चादरघाट, दारुल उलूम अशा हैदराबादच्या शाळांत त्यांनी नोकरी केली. मधेच शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मग शाळांचे खेळ त्यांच्याकडे आले. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण त्यांचं नाव झालं ते शिकवण्यामुळे. चाळीसच्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचं सचिवपद त्यांच्याकडे आलं. शाळामास्तर आणि संघटनेचा सचिव एकच माणूस, त्यामुळे एक गोष्ट त्यांना करता आली जी नुसत्या प्रशिक्षकाला करता येत नाही. ते स्पर्धांचे नियमच बदलू शकत होते.

इथे जरा थांबतो, कारण या माणसाचं खरं डोकं इथे दिसतं.

मुलांचा खेळ बघून त्यांना काय खटकत असावं, हे कोणत्याही पीटीच्या सरांना कळेल. ज्याच्या पायात कसब आहे तो चेंडू सोडत नाही. दोघांना चकवतो, तिसऱ्याला चकवायला जातो आणि चेंडू घालवून बसतो. बाकीचे नऊजण उभे राहून बघतात. दुसरी खोड उजव्या पायाची. चेंडू डावीकडे आला की मुलगा वळसा घेऊन तो उजव्या पायावर आणतो आणि तेवढ्या वेळात समोरचा बचावपटू अंगावर येतो. यावर ओरडून काही होत नाही. मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या मिनिटाला तेच करतो.

रहीम यांनी ओरडण्याऐवजी स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी. चेंडू आला की पुढे द्यायचा, खेळवत बसायचं नाही. दुसऱ्या स्पर्धेत खेळाडूने फक्त आपल्या कमजोर पायाने खेळायचं. एकेका बाजूला थोडे खेळाडू घेऊन कमी वेळाचे सामनेही ते घेत, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो आणि लपायला जागा राहत नाही. आज जगभरच्या फुटबॉल अकादम्यांत लहान मैदानावरचे सामने आणि ‘वन टच’चा सराव सर्रास चालतो. हैदराबादच्या मातीच्या मैदानावर हे सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी होत होतं.

यामागचं गणित साधं आहे. एका स्पर्शात पास द्यायचा असेल, तर चेंडू यायच्या आधीच कुणाकडे द्यायचा ते ठरलेलं हवं. म्हणजे मान वर हवी, डोळे फिरते हवेत. दोन्ही पाय चालत असतील, तर वळसा घ्यायचा वेळ वाचतो. अंगाने दणकट नसलेल्या आपल्या मुलांना युरोपियन खेळाडूंसमोर टिकायचं, तर ताकदीत नाही, वाचवलेल्या वेळातच काय ते मिळणार होतं.

हैदराबाद सिटी पोलीस हा त्यांच्या हाताखालचा संघ. 1950 ते 1954 अशी सलग 5 वर्षं या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेजवर येऊन मुंबई-कलकत्त्याच्या नामांकित क्लबांना हरवणारे हे पोलीस शिपाई कोण, असं लोक विचारू लागले. पुढे संतोष करंडकातही हैदराबादने लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामन्यात मुंबईला हरवलं. आपण आता महाराष्ट्राचे, त्यामुळे हे लिहिताना हात थोडा अडखळतो. पण त्या काळात इथल्या माणसाचा जीव नेमका कुणाकडे असेल, सांगता येत नाही.

देशाच्या संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि दिल्लीत 1951 सालच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवलं. अंतिम सामन्यात इराणवर 1-0, गोल मेवालालचा, कर्णधार शैलेन मन्ना. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा 10-1 असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते, थंडी होती, मैदान ओलं होतं. त्यानंतर फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. चित्रपटात हा प्रसंग आहे. माझ्या मते बुटांइतकाच दुसरा धडा मोलाचा होता. 1953 साली हंगेरीने इंग्लंडला वेम्बलीवर 6-3 असं हरवलं आणि जगाचं फुटबॉल बदललं. मधला फॉरवर्ड थोडा मागे खेळवायचा, म्हणजे त्याला धरायला आलेला बचावपटू जागा सोडतो आणि मागे खिंडार पडतं. दूर हैदराबादेत बसलेला हा मास्तर त्या पद्धतीचा विद्यार्थी झाला आणि त्याने ती भारतीय संघात आणली.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य संपलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 असं हरवलं. त्यातले 3 गोल नेव्हिल डिसूझाचे. मूळ गोव्याचा, मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळणारा हा फॉरवर्ड. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही त्याने उत्तरार्धात भारताला आघाडी मिळवून दिली होती, पण शेवटी 4-1 अशी हार झाली. कांस्यपदकासाठीच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 असं हरवलं. भारत चौथा. चार वर्षांपूर्वी 10 गोल खाल्लेला देश ऑलिंपिकच्या पहिल्या चारांत! त्या संघात हैदराबादचे बरेच खेळाडू होते, म्हणजे रहीम यांच्या मैदानावर वाढलेली मुलं.

त्यातलाच एक तुळसीदास बलराम, सिकंदराबादजवळच्या गरीब घरातला. सरावाला शहरात यायला पैसे नव्हते, तेव्हा रहीम यांनी त्याला भाड्याच्या सायकलची सोय करून दिली, असं सांगतात. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये याच बलरामने हंगेरीविरुद्ध गोल केला. भारत तो सामना 2-1 असा हरला, फ्रान्सशी 1-1 बरोबरी झाली आणि पेरूकडून 3-1 अशी हार. गटातच बाहेर. पण हंगेरी आणि फ्रान्सला घाम फोडणारा भारतीय संघ आज कुणाला सांगितला तर तो थट्टा समजेल.

मग जकार्ता, 1962. रहीम यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला होता. सिगारेटचं व्यसन जुनं. तशा शरीराने ते संघ घेऊन गेले. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 ने गमावला. थायलंडवर 4-1 असा विजय मिळाला, पण त्यात भक्कम बचावपटू जर्नेलसिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानवर 2-0. आता उपांत्य सामना दक्षिण व्हिएतनामशी. टाके पडलेल्या डोक्याने जर्नेल बचावात पूर्वीसारखा भिडू शकत नव्हता, आणि त्याला बाहेर बसवणंही परवडणारं नव्हतं. रहीम यांनी त्याला थेट आघाडीला, सेंटर फॉरवर्डच्या जागी उभं केलं. तो कॉलेजच्या दिवसांत तिथे खेळला होता, हे मास्तरांच्या लक्षात होतं. जर्नेलने त्या सामन्यात गोल केला आणि भारत 3-2 ने जिंकला.

4 सप्टेंबरला अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच. इस्रायल आणि तैवानला स्पर्धेपासून दूर ठेवल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, म्हणून सगळं जकार्ता भारतावर खवळलेलं. लाखाच्या घरातली गर्दी भारताच्या विरोधात ओरडत होती. पाकिस्तानचे हॉकीपटू मात्र आपल्या बाजूने ओरडत होते, असं चुनी गोस्वामी पुढे सांगत. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, तीनच मिनिटांनी जर्नेलने दुसरा. कोरियाने शेवटी शेवटी एक फेडला. 2-1. आजारातून नुकताच उठलेला थंगराज गोलपोस्टमध्ये होता. एशियाडमधलं फुटबॉलचं ते आपलं दुसरं सुवर्णपदक. तिसरं अजून आलेलं नाही.

रहीम परतले आणि नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी गेले. वय 53. त्यांच्या तालमीत तयार झालेल्यांनी काही वर्षं रेटून नेलं. 1970 च्या बँकॉक एशियाडमधलं कांस्यपदक सय्यद नईमुद्दीन या हैदराबादी कर्णधाराच्या संघाने मिळवलं, आणि प्रशिक्षकांत पी. के. बॅनर्जी होते. रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम रोमच्या संघात होता, पुढे आंतरराष्ट्रीय पंच झाला. तोही 2021 मध्ये गेला, 2023 मध्ये बलरामही. पण डाव्या पायाच्या स्पर्धा भरवणारं कुणी उरलं नाही. मोठ्या संघांना परदेशी प्रशिक्षक मिळाले, शाळांना पीटीचा तासही धड मिळाला नाही.

हे शेवटचं वाक्य मी ऐकीव लिहिलेलं नाही. आपल्या पीटीच्या सरांना आठवा. नाव छापू नका म्हणून ते मागे एकदा म्हणाले होते, म्हणून छापत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते आमचा एक सामना घ्यायचे, त्यात उजव्या पायाने चेंडू मारला की समोरच्याला फ्री किक. आम्हाला ती सरांची लहर वाटायची. मी उजव्या पायाचा तोरा मिरवणारा, मला त्या सामन्यात चेंडूही नीट अडवता येईना, पोरं हसायची. दहावीच्या वर्षी पीटीचा तास गणिताला गेला, सर काही बोलले नाहीत, आणि मीही संघ सोडला. गणिताचं निमित्त केलं, खरं कारण डावा पाय होतं. सर तरुणपणी हैदराबादला शिकले होते हे मला गेल्या वर्षी कळलं. ती लहर कुठून आली होती, ते चित्रपट पाहून आल्यावर त्या रात्री लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. वय 84, ऐकू कमी येतं. रहीमसाहेबांचं नाव दोनदा मोठ्याने सांगावं लागलं. मग ते बराच वेळ बोलले, त्यातलं निम्मं फोनवर मला कळलं नाही.

मेळाव्याच्या रविवारी सकाळी सात वाजता ते शाळेच्या मैदानावर येणार आहेत, त्यांचा नातू घेऊन येईल. आपण अर्ध्या तासाचा एक सामना ठेवला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी चालत खेळावं, ज्यांना बीपी आहे त्यांनी गोलकीपर व्हावं, मुलींच्या रांगेतल्या सगळ्यांना या वेळी प्रवेश आहे. शिट्टी सरांकडे राहील. उजव्या पायाला बंदी.