इंजिनावरचं नाव : शंतनुराव किर्लोस्कर

आपल्या परभणी जिल्ह्यात किर्लोस्कर हे नाव माहीत नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडे गेलात की विहिरीवर किंवा गोदावरीच्या काठावर ऑइल इंजिन म्हणजे किर्लोस्कर, असंच जुनी माणसं बोलतात. आपल्या आय.सी. इंजिन लॅबमध्येही तेच नाव आहे. सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, वॉटर कूल्ड, १५०० आरपीएम हे आपण सगळे जर्नलमध्ये लिहितो. पण त्या नावामागचा माणूस कोण, हे व्हायव्हाला कोणी विचारत नाही! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे एडिसन आणि हेन्री फोर्ड पाठ करून घेतले, शंतनुराव मात्र राहून गेले. म्हणून हा लेखप्रपंच.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूरला झाला. वडील लक्ष्मणराव म्हणजे स्वतःच एक विलक्षण गृहस्थ. मुंबईच्या जे.जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, तर रंगांधळेपणा निघाला. मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले, नंतर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घ्यायलाच तयार नव्हते. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे त्यांनी आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' असं नाव दिलं. त्यातला कॅक्टस याच माळावरचा.

१९२२ साली, म्हणजे जवळपास आपल्याच वयाचे असताना, ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परत आले. त्या काळात अशी डिग्री हातात असताना सरकारी किंवा साहेबाच्या कंपनीतली मोठी नोकरी सहज मिळाली असती. पण ते थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात रुजू झाले. त्याच सुमाराला वाडीत पाण्याचे सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले होते. पंप आला की त्याला फिरवायला काहीतरी लागतंच. खेड्यात वीज नव्हती. म्हणजे इंजिन हवं. साताऱ्याच्या कूपरसारखे अपवाद सोडले तर इंजिनं विलायतेहूनच येत.

१९४६ साली शंतनुरावांनी पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू केली. डिझाइनसाठी ब्रिटिश कंपनीची मदत घेतली. आता तुम्ही म्हणाल, ड्रॉइंग बाहेरून आणलं, त्यात विशेष काय? इथे थोडं टेक्निकल बोलायला हवं.

आमच्या चौघांच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी एका जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजिनाचं क्रँककेस व्हेंटिलेशन बदलायचा विषय घेतला होता. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं इंधन, पाण्याची वाफ आणि काजळी असते. हा गॅस बाहेर काढला नाही तर आत प्रेशर वाढतं, सीलमधून ऑइल गळतं आणि ऑइलचा चिखल होतो. जुन्या गाड्यांत तो नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६० नंतर तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेककडे नेऊन पुन्हा जाळायची पद्धत आली. आम्ही त्या नळीच्या मध्ये जाळी भरलेली एक बाटली बसवली. ऑइलचे थेंब बाटलीत अडकतात आणि गॅस तेवढा पुढे जातो. कल्पना जगभर माहीत असलेलीच आहे, पण नळी किती जाड, बाटली कुठे, थेंब साठले की कोण काढणार, हे सगळं त्या एका इंजिनाकडे बघूनच ठरवावं लागलं.

विहिरीवरच्या इंजिनाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या लॅबमधलं इंजिन ६६१ सीसीचं आहे. पिस्टन खाली येताना तेवढी हवा क्रँककेसमध्ये दाबली जाते, आणि हे सेकंदाला २५ वेळा होतं. दुसरा सिलिंडर नाही, त्यामुळे ती हवा बाजूला सरकायला जागा नाही. म्हणून अशा इंजिनांच्या ब्रीदरमध्ये बहुतेक वेळा फक्त बाहेर उघडणारी पातळ पत्री असते. हवा जाते, परत येत नाही, आत हलका व्हॅक्यूम राहतो आणि ऑइल गळत नाही. शिवाय डिझेलला थ्रॉटल नसतो, त्यामुळे पेट्रोल गाडीची पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. ऑइल इनटेकमध्ये ओढलं गेलं तर इंजिन तेच जाळून बेफाम पळू शकतं. शेतातल्या धुळीने ब्रीदर चोंदला तर तालुक्याचा फिटर येईपर्यंत पीक वाळणार. म्हणजे इंजिन असं हवं की हँडल मारून सुरू होईल, गावातल्या माणसाला खोलता येईल आणि पार्ट जवळच्या बाजारात मिळेल. एक साधी पत्री कुठे आणि कशी बसवायची, यातसुद्धा वापरणाऱ्याचा विचार असावा लागतो. शंतनुरावांची कंपनी मोठी झाली ती अशाच ग्राहकांच्या जोरावर, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. इंजिनचा कारखाना नुकताच उभा राहत होता आणि १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. वडिलांनी माळावर उभं केलेलं, मुलाने वाढवलेलं काम डोळ्यांसमोर जळालं. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा ७८ होतं. सगळं आवरून गप्प बसले असते तरी कोणी नाव ठेवलं नसतं. पण वाडीचा कारखाना पुन्हा उभा राहिला आणि खडकीचं कामही थांबलं नाही. माझ्या मते एमआयटीच्या डिग्रीपेक्षा हीच त्यांची खरी परीक्षा होती.

१९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. पुढचा सगळा पसारा शंतनुरावांनी वाढवला. १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्सबरोबर किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी निघाली आणि पुण्यात मोठी डिझेल इंजिनं बनू लागली. १९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. लायसन्स-परमिटच्या काळात सरकारी धोरणांवर ते उघडपणे टीका करत, आणि त्यामुळे सगळ्यांना आवडत होते असंही नाही. २४ एप्रिल १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ मध्ये, पोस्ट खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

हॉस्टेलवर रात्री गप्पा रंगल्या की विषय हमखास पॅकेज आणि पुणे-बंगळूरवर येतो. त्यात चूक काहीच नाही, मलाही नोकरी हवीच आहे. पण बाहेरून शिकून आलेली विद्या आपल्या मातीत चालेल अशी बदलून घेणं, हे इंजिनिअरचं काम आहे आणि ते काम परभणीत आजही भरपूर शिल्लक आहे. पंप आहेत, फवारणी यंत्रं आहेत, कापसाची आणि सोयाबीनची यंत्रं आहेत. यातलं एखादं तरी मशीन सुट्टीत गावी गेल्यावर खोलून बघा. शेतकऱ्याला त्यात नेमकं काय नडतं ते आधी विचारा, ड्रॉइंग नंतर काढा.