लुई ब्रेल : एका क्षणात गेलेली दृष्टी आणि आपल्यासाठी धडा



४ जानेवारी हा दिवस जगभर जागतिक ब्रेल दिन म्हणून साजरा होतो. परिपाठात तुम्ही लुई ब्रेल यांची माहिती नक्की ऐकली असेल. अंध व्यक्तींना बोटांनी वाचता येईल अशी सहा ठिपक्यांची लिपी त्यांनी तयार केली, हेही तुम्हांला माहीत असेल. पण त्यांचे डोळे कशामुळे गेले, हे कधी विचारलंय का? ते जन्मापासून अंध नव्हते. एका लहानशा अपघाताने त्यांची दृष्टी गेली. तसा अपघात आजही कोणाच्याही घरात होऊ शकतो. म्हणून आज त्यांचं चरित्र आपण थोड्या वेगळ्या नजरेने वाचू या.

बालपण आणि अपघात

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या लहान गावात झाला. हे गाव पॅरिसपासून साधारण ४० किलोमीटरवर आहे. त्याचे वडील घोड्यांसाठी खोगीर, लगाम असं चामड्याचं सामान बनवायचे. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. वडिलांच्या कामाच्या खोलीत चामडं कापायच्या सुऱ्या आणि भोकं पाडायच्या आऱ्या असायच्या. लहान मुलांना मोठ्यांचं अनुकरण करायला फार आवडतं. लुईही तसाच होता.

१८१२ साली, तीन वर्षांचा असताना, तो वडिलांच्या हत्यारांशी खेळू लागला. चामड्यात टोक रुतवताना हात सटकला आणि टोक थेट डोळ्यात घुसलं. आईवडिलांनी जमेल ते उपचार केले; पण त्या काळात जंतुसंसर्ग थांबवणारी औषधंच नव्हती. जखम चिघळली. त्याहून वाईट म्हणजे, ज्या डोळ्याला काहीच लागलं नव्हतं तो दुसरा डोळाही सुजू लागला. पाच वर्षांचा होईपर्यंत लुईची दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण गेली.

लागलं एका डोळ्याला, मग दुसरा का गेला? डोळ्याला आरपार जखम झाली, तर क्वचित प्रसंगी आपल्या शरीराची संरक्षण यंत्रणा गोंधळते आणि चांगल्या डोळ्यावरही हल्ला करते. हा त्रास काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सुरू होऊ शकतो. लुईच्या बाबतीत असंच झालं असावं, असं मानलं जातं. आज यावर उपचार आहेत, पण त्यासाठी रुग्ण वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचायला हवा. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा : एका डोळ्याची खोल जखम हा दोन्ही डोळ्यांना धोका असतो.

शिक्षण आणि शोध

लुईच्या आईवडिलांनी त्याला घरात बसवून ठेवलं नाही. तो काठीच्या आधाराने गावात फिरायला शिकला आणि गावातल्या शाळेत इतर मुलांबरोबर बसून, ऐकून ऐकून धडे पाठ करू लागला. १८१९ साली, दहा वर्षांचा असताना, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत प्रवेश मिळाला. तिथली पुस्तकं जाड कागदावर उठावाची मोठमोठी अक्षरं छापलेली होती. ती फार जड असत आणि वाचायला खूप वेळ लागे. शिवाय त्या पद्धतीने मुलांना स्वतः काही लिहिता येत नसे.

१८२१ साली या शाळेत एक नवी पद्धत आली. सैन्यात अधिकारी राहिलेले चार्ल्स बार्बिए यांनी उठावाच्या १२ ठिपक्यांची लिपी तयार केली होती. पण १२ ठिपके एका बोटाखाली मावत नव्हते. लुईने यावर रात्रंदिवस काम केलं आणि ठिपके सहावर आणले. आता एका स्पर्शात एक अक्षर ओळखता येऊ लागलं. तेव्हा त्याचं वय होतं अवघं १५ वर्षं! गंमत बघा, हे ठिपके कागदावर उठवायचे तेही एका टोकदार साधनानेच. ज्या आरीने डोळे नेले, तिच्याच जातीचं हे साधन.

१८२९ साली त्यांनी आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. ते उत्तम ऑर्गनवादकही होते. क्षयरोगाने ६ जानेवारी १८५२ रोजी, ४३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांच्या शाळेने ही लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ साली, म्हणजे ते गेल्यावर! आज मराठीसह अनेक भारतीय भाषा ब्रेलमध्ये वाचता येतात. २००९ साली, त्यांच्या द्विजन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांचं चित्र असलेलं २ रुपयांचं नाणंही काढलं.

आपण काय शिकायचं?

डोळे गेले तरी आयुष्य थांबत नाही, हे लुई ब्रेल यांनी दाखवून दिलं. पण जे डोळे वाचू शकतात ते वाचवणं, हेही आपलंच काम आहे ना? मग एवढं लक्षात ठेवा :

१. सुई, कात्री, विळी, स्क्रू ड्रायव्हर लहान भावंडांच्या हाताला लागतील असे ठेवू नका.

२. कंपासपेटीतला कर्कटक किंवा टोक केलेली पेन्सिल हातात घेऊन धावू नका. धनुष्यबाण आणि विटीदांडू खेळताना समोर कोणी नाही ना, ते आधी पाहा. फटाक्यावर कधीही वाकू नका.

३. डोळ्यात टोकदार वस्तू घुसली तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. रुतलेली वस्तू ओढून काढू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप धरून लगेच दवाखाना गाठा.

४. चुना, ॲसिड किंवा फिनेल डोळ्यात गेलं तर मात्र उलट करा. लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं डोळा धूत राहा, मग डॉक्टरांकडे जा.

५. मध, तूप, दूध, झाडपाल्याचा रस असं काहीही डोळ्यात घालू नका.

६. डोळ्याला लागलं तर घरी लपवू नका. ओरडा बसेल म्हणून गप्प राहण्यात मोलाचा वेळ जातो.

लुईच्या आईवडिलांकडे तेव्हा योग्य औषधं नव्हती, नेत्रतज्ज्ञ जवळ नव्हते. आपल्याकडे आज ते आहे. म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. टोकदार वस्तू कुठे कुठे पडल्या आहेत ते शोधा आणि आईबाबांच्या मदतीने त्या उंच जागी ठेवा. तुमच्या घरातल्या धाकट्या भावंडाचे डोळे कदाचित त्यामुळेच वाचतील.