नाव नसलेला चीफ डिझायनर

युरी गागारिन आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्याला वर पाठवणारा सर्गेई कोरोलेव्ह मात्र मला इंजिनिअरिंगला आल्यावर लायब्ररीत भेटला. जन्म १९०७, युक्रेनमधलं झितोमिर. १९३८ मध्ये स्टॅलिनच्या पोलिसांनी खोट्या आरोपाखाली उचलून कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत पाठवलं. तिथे दात पडले, तब्येत कायमची खचली. (आणि आपण मेसच्या भाजीवर रडतो!) पुढे याच माणसाच्या टीमने आर-७ रॉकेट बनवलं. १९५७ चा स्पुटनिक आणि १९६१ मध्ये गागारिन त्यावरच गेले. पण कोरोलेव्हचं नाव सरकारने गुप्त ठेवलं होतं. जगाला ते कळलं जानेवारी १९६६ मध्ये, ऑपरेशन टेबलवर तो वारल्यावर. चंद्रासाठी त्याने सुरू केलेलं एन-१ रॉकेट त्याच्यामागे चारही वेळा फेल गेलं.

आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये गेले ते आर-७ च्याच वंशातल्या रॉकेटवर, आणि सोयुझ यान अजूनही तसंच उडतं. डिझाइन भक्कम आहे, मान्य! पण मला हे कौतुकापेक्षा जास्त खटकतं. गागारिन ३२७ किलोमीटर उंच गेला होता. आजचं स्पेस स्टेशन सुमारे ४०० वर आहे. चंद्रावर तर १९७२ नंतर कुणी उतरलेलंच नाही.