विल्यम आर्मस्ट्राँग, पहिले बॅरन आर्मस्ट्राँग
विल्यम जॉर्ज आर्मस्ट्राँग (२६ नोव्हेंबर १८१० – २७ डिसेंबर १९००) हे एक इंग्रज अभियंते, संशोधक व उद्योगपती होते. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या आणि आर्मस्ट्राँग तोफ यांमुळे ते प्रसिद्धीस आले. नॉर्थंबरलंड परगण्यातील क्रॅगसाइड या आपल्या निवासस्थानी त्यांनी ओढ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून घर उजळले. जलविद्युतेने प्रकाशित झालेले जगातील पहिले घर म्हणून क्रॅगसाइड ओळखले जाते.

प्रारंभिक जीवन

आर्मस्ट्राँग यांचा जन्म न्यूकॅसल अपॉन टाइन येथे झाला. त्यांचे वडील धान्याचे व्यापारी होते व पुढे ते त्या शहराचे महापौर झाले. यंत्रांची आवड असूनही वडिलांच्या इच्छेनुसार विल्यम यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि न्यूकॅसलमधील एका सॉलिसिटरच्या पेढीत ते भागीदार झाले. १८३५ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट रॅमशॉ यांच्याशी झाला. त्यांना अपत्य नव्हते.

मासेमारीच्या छंदापायी ते डोंगराळ भागात हिंडत असत. डेंटडेल खोऱ्यात एक पाणचक्की पाहताना, उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या शक्तीचा जेमतेम विसावा भाग उपयोगात येतो, असे त्यांच्या ध्यानी आले. तेच पाणी बंद नळातून खाली आणले, तर संपूर्ण उंचीचा दाब यंत्राला मिळेल, हा विचार त्यांच्या पुढील कार्याचा पाया ठरला.

१८४० च्या दशकात त्यांनी वाफेच्या फवाऱ्यातून स्थिर विद्युत निर्माण करणारे यंत्र तयार केले. त्यास जलविद्युत यंत्र असेच नाव मिळाले असले, तरी आजच्या अर्थाने जलविद्युतेशी त्याचा संबंध नाही. १८४६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

उद्योग आणि तोफा

न्यूकॅसलच्या धक्क्यावरील एक यारी त्यांनी शहराच्या नळातील पाण्याच्या दाबावर चालवून दाखविली. १८४७ मध्ये वकिली सोडून त्यांनी एल्सविक येथे कारखाना काढला. जेथे उंचावर टाकी बांधणे शक्य नसे, तेथे जड वजनाखाली पाणी दाबून धरणारा संचायक त्यांनी योजला. त्यामुळे सपाट भागातील बंदरांतही अशा याऱ्या बसविता आल्या. न्यूकॅसलचा फिरता पूल (१८७६) आणि लंडनच्या टॉवर ब्रिजची (१८९४) उचल यंत्रणा ही त्यांच्याच कारखान्याची कामे होत.

क्रिमियन युद्धाच्या काळात त्यांनी मागील बाजूने भरावयाची, आतून आटे पाडलेली तोफ तयार केली. तिचे एकस्व त्यांनी ब्रिटिश सरकारला दिले व १८५९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. पुढे कारखान्याने इतर देशांनाही शस्त्रे व युद्धनौका विकल्या. क्रॅगसाइडच्या शांत वनराईमागे शस्त्रविक्रीचा पैसा होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. १८७१ मध्ये नऊ तासांच्या कामाच्या दिवसासाठी न्यूकॅसलच्या कामगारांनी संप केला. त्या वेळी आर्मस्ट्राँग मालकांच्या बाजूने ठाम राहिले, परंतु अखेर कामगारांची मागणी मान्य झाली.

क्रॅगसाइड येथील जलविद्युत

१८६३ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष या नात्याने आर्मस्ट्राँग यांनी कोळशाच्या उधळपट्टीबद्दल इशारा दिला. खाणकाम त्याच वेगाने वाढत राहिले, तर ब्रिटनचा साठा २१२ वर्षांत संपेल, असा त्यांचा हिशेब होता. कोळशाच्या पेठेत राहणाऱ्या कारखानदाराने हे सांगावे, याचे महत्त्व विशेष आहे. त्याच वर्षी त्यांनी रॉथबरीजवळ जमीन घेतली. तेथील डेबडन ओढ्यावर त्यांनी बंधारा घातला व पाण्याच्याच शक्तीने पंप चालवून घराला पाणीपुरवठा केला. घरातील उद्वाहकही पाण्याच्या दाबावर चाले.

१८७८ मध्ये ओढ्यावरील टर्बाइनला सीमेन्स डायनामो जोडून चित्रदालनात प्रज्योत दीप लावण्यात आला. या दिव्याचा प्रकाश घरगुती वापरास प्रखर होता. डिसेंबर १८८० मध्ये जोसेफ स्वान यांचे तप्त तंतूचे दिवे बसविल्यावर हा प्रश्न सुटला. एकूण दिवे ४५ होते. मात्र एका खोलीचा प्रवाह दुसरीकडे वळविण्याची सोय असल्याने एका वेळी ३७ हून अधिक दिव्यांची गरज पडत नसे. ग्रंथालयातील काही दिवे मिनाकाम केलेल्या तांब्याच्या कलशांवर होते. कलशाचे धातूचे अंगच वाहकाचे काम करी आणि तळाशी पाऱ्यातून जोडणी होई. कलश उचलला की दिवा विझत असे.

या व्यवस्थेची मर्यादा अंतरात होती. टर्बाइन अवघ्या ६ अश्वशक्तीचे (सुमारे ४.५ किलोवॉट) होते व घरापासून सुमारे १,३७० मीटर दूर होते. कमी दाबाची वीज इतक्या लांब नेताना तारेत बरीच शक्ती उष्णतारूपाने वाया जाते. दिवे वाढविले की प्रवाह वाढतो आणि ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे तांब्याची जाड तार वापरणे भाग होते.

१८८६ मध्ये बर्नफुट येथे नवे विद्युतगृह उभारले गेले. टेकडीवरील नेलीज मॉस तलावांतून नळाने येणाऱ्या पाण्याला सुमारे १०४ मीटर उंचीचा लाभ मिळे. त्यावर २४ अश्वशक्तीचे टर्बाइन चाले. एवढ्या उंचीमुळे यंत्रातील हानी धरूनही सेकंदाला सुमारे २५ लिटर पाणी पुरेसे ठरते. त्याच शक्तीसाठी १० मीटर उंचीवर दसपट पाणी लागले असते. तरीही पाणी कमी पडले की अडचण येई. म्हणून १८९० च्या दशकात विद्युत घटमाला व वायूवर चालणारे इंजिन यांची जोड देण्यात आली. पाण्यावरील लहान संचांना असा पर्याय आजही ठेवावा लागतो.

उत्तरायुष्य

१८८३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी जेस्मंड डीन हे उद्यान न्यूकॅसल शहरास दिले. १८८७ मध्ये त्यांना बॅरन ही पदवी मिळाली. १८९३ मध्ये मार्गारेट यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी बॅम्बरा किल्ला विकत घेऊन त्याची दुरुस्ती आरंभिली. १८९७ मध्ये हवा व पाणी यांतील विद्युत विसर्जनावरील त्यांचा छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध झाला. क्रॅगसाइड येथेच त्यांचे निधन झाले. रॉथबरी येथे पत्नीशेजारी त्यांचे दफन झाले. वारस नसल्याने मूळ पदवी संपुष्टात आली व मालमत्ता त्यांचे नातेवाईक विल्यम वॉटसन-आर्मस्ट्राँग यांच्याकडे गेली.

१९७७ पासून क्रॅगसाइड नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१४ मध्ये तेथील टंबलटन तलावाच्या काठी १७ मीटर लांबीचा आर्किमिडीज स्क्रू बसविण्यात आला. त्यातून घरासाठी पुन्हा पाण्यावर वीज मिळू लागली.